जुने लाकडी ल्युअर आणि बर्फाखालचे डिकॉय मासे: गोळा करायचे तर नीट बघून

मिशिगनात आल्यावर तिसऱ्या वर्षी एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तसली विक्री) मी माझा पहिला डिकॉय मासा घेतला, चाळीस डॉलरला, आणि त्याच रात्री मालवणच्या काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी तो उलटा करायला लावला, सुलटा करायला लावला, कॅमेऱ्याजवळ आणायला लावला आणि मग एकच प्रश्न विचारला, "गळ खंय?" जन्मभर गळ टाकून गरवलेल्या माणसाला हे काही पटेना, की मासे पकडायची वस्तू आहे आणि तिला गळच नाही.

तर आधी हा फरक. ल्युअर म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, दोरीला बांधून लांब फेकायचं, ओढत आणायचं, मासा त्यालाच चावतो. डिकॉयला गळ नसतो. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा बर्फाला मोठं चौकोनी भोक पाडून त्यावर एक बिनखिडकीची खोपटी ठेवतात, मिशिगनात तिला शॅन्टी म्हणतात, मिनेसोटात डार्कहाउस. आत काळोख, बाहेरचा उजेड बर्फातून झिरपत पाण्यात उतरतो, त्यामुळे आत बसलेल्याला खालचं पाणी एकदम लख्ख दिसतं. मग लाकडी मासा दोरीने खाली सोडायचा, हातातल्या छोट्या काठीने हलवत राहायचा, तो गोल गोल पोहतो, पाइक किंवा स्टर्जनसारखा मोठा मासा काय प्रकार आहे म्हणून बघायला येतो आणि वरून भाला. बस. विस्कॉन्सिनच्या लेक विनेबेगोवर दर फेब्रुवारीत स्टर्जन मारायला लोक आजही असेच तासन्‌तास भोकात बघत बसतात.

हे एवढं सांगायचं कारण, ही हत्यारं आहेत. शोभेची वस्तू म्हणून कुणी केलेली नाहीत, दिवाणखान्यात ठेवून आपण त्यांना शोभेची करतो. म्हणून कुठलाही तुकडा हातात आला की मी एकच गोष्ट बघतो: हा पाण्यात उतरला होता का, आणि उतरला असेल तर त्याची झीज कामाच्याच जागी आहे का? विकणारा जी स्टोरी सांगतो ती नंतर ऐकायची, किंवा नाही ऐकली तरी चालतं.

आधी एक गल्ली पकडा

सगळंच घ्यायला गेलात तर सहा महिन्यांत कपाट भरेल आणि कळणार काहीच नाही. माझं झालंय. त्यामुळे सुरुवातीला एकच विषय धरा.

ल्युअरमध्ये जायचं असेल तर कंपन्यांची नावं आधी पाठ करा, कारण बाजार त्यांच्याभोवतीच फिरतो. मिशिगनातल्या डोवाजॅक गावचा जेम्स हेडन, जो मूळचा मधमाश्या पाळणारा, त्याची गोष्ट सगळे सांगतात की तळ्याकाठी बसून लाकूड तासत होता, उरलेला तुकडा पाण्यात फेकला आणि एक बास मासा त्यावर झडप घालून आला, आणि त्यातून धंदा सुचला. खरं किती, मीठमसाला किती ते सोडा, पण हेडनने स्वतः हाताने कोरलेले लाकडी बेडूक आज या छंदातली सगळ्यात दुर्मिळ वस्तूंपैकी एक आहेत. मग कॅलमझूची शेक्सपिअर, पॉ पॉ गावची पॉ पॉ, इंडियानात साउथ बेंड आणि गॅरेट गावची क्रीक चब, ओहायोत ॲक्रनची फ्लूगर. हे सहा कळले की निम्मा टॅकल बॉक्स, म्हणजे मासेमारीच्या सामानाची पेटी, ओळखता येतो. यांचे ल्युअर कारखान्यात झाले तरी सुरुवातीच्या काळात रंगकाम बरंचसं माणसाच्या हातचंच असायचं, म्हणून एकाच मॉडेलचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर ठिपके वेगळे पडलेले दिसतात.

त्याहून जुनं म्हणजे धातूचं. ज्युलिओ ब्यूल नावाच्या माणसाने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या ल्युअरचं पेटंट घेतलं. ओहायोच्या पेन्सव्हिल गावच्या रायली हॅस्केलने १८५९ मध्ये धातूच्या माशाचं घेतलं. या हॅस्केलचा एक मोठा तांब्याचा मासा २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला. हा आकडा ऐकून लोक या छंदात येतात, आणि आल्यावर त्यांना वीस-वीस डॉलरचे क्रीक चब मिळतात. तसंच असतं.

डिकॉयमध्ये कंपनी कमी, माणूस आणि गाव जास्त. मला हे जास्त आवडतं म्हणून थोडं जास्त लिहितो. मिशिगनातल्या कॅडिलॅक गावचा ऑस्कर पीटरसन, १८८७ ते १९५१, हा या जगातला मोठा माणूस, त्याने आयुष्यात हजारो मासे कोरले, त्या वेळी किरकोळ किमतीला गेलेले ते मासे आज लिलावात हजारो डॉलरला जातात, आणि अर्थातच त्याच्या नकलाही तेवढ्याच निघतात. डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरच्या काठावर हान्स जॅनर सारखे कोरणारे होऊन गेले, त्यांची स्वतःची शैली. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा तळ्याचे जुने डिकॉय शेपटीवरून लगेच ओळखू येतात कारण शेपूट चामड्याची असते, पाण्यात मऊ पडून हलायची. विस्कॉन्सिनात लॅक डू फ्लॅम्बोच्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांची परंपरा तर याहून खूप जुनी, गावाचं नावच फ्रेंच लोकांनी रात्री मशाली पेटवून भाल्याने मासे मारताना बघून ठेवलं. कारखान्यातले डिकॉयही आहेत, कॅलिव्हा गावच्या बेअर क्रीक कंपनीचे आइस किंग, मिनेसोटात विल्मरचे रँडल, आणि नवशिक्याला मी हेच घ्यायला सांगतो, कारण स्वस्त असतात, भरपूर मिळतात आणि फसलात तरी फार दुखत नाही.

ओजिब्वे म्हणून कुणी काही विकत असेल तर एक लक्षात ठेवा, अमेरिकेत १९९० चा कायदा आहे, मूळ रहिवाशांनी बनवलेलं नसताना तसं सांगून विकणं गुन्हा आहे. म्हणून विकणाऱ्याला सरळ म्हणायचं, बिलावर तसं लिहून द्या. खात्री असेल तो लिहून देतो, नसेल तो एकदम "ओजिब्वे स्टाइल" म्हणायला लागतो. आणि आर्क्टिककडचे वॉलरसच्या दाताचे छोटे मासे दिसले तर हात लावू नका, सुंदर असतात पण सागरी सस्तन प्राण्यांचे कायदे कडक आहेत, कागदपत्रांशिवाय नसती भानगड.

घेण्याआधी हाताळा

फोटो बघून डोळा तयार होत नाही. वजन, कडा, रंगाचा जाडपणा, हे हातालाच कळतं. १९७६ साली सुरू झालेला नॅशनल फिशिंग ल्युअर कलेक्टर्स क्लब आहे, डिकॉयवाल्यांच्याही वेगळ्या संघटना आहेत, त्यांचे शो भरतात. तिथे जाऊन टेबलामागच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारा. आपले लोक बुजतात, मीही बुजलो होतो, अख्ख्या हॉलमध्ये मी एकटाच सावळा, पण "माझ्या गावी पण मासेमारी चालते" एवढं म्हटलं की दुकान उघडतं, तुम्हाला अस्सल आणि नकली शेजारी शेजारी हातात देतात. डोवाजॅकला हेडनचं म्युझियमही आहे, ते एकदा बघून घ्या.

पहिले तीन-चार महिने काही घेऊ नका असं मी सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

कुठे मिळतं

इस्टेट सेल सगळ्यात भारी. एखादं वयस्कर माणूस गेलं की घरातलं सगळं विकायला काढतात, आणि ल्युअर बहुतेक वेळा दागिन्यांसारखे टेबलावर मांडलेले नसतातच, ते गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये गंजक्या टॅकल बॉक्समध्ये पडलेले असतात. म्हणून आत गेल्या गेल्या भांडीकुंडी सोडून सरळ खाली जायचं. पहिल्या दिवशी सकाळी लवकर, नाहीतर शेवटच्या दिवशी दुपारी जेव्हा बऱ्याच ठिकाणी निम्म्या किमतीत देतात. आणि विचारायचं, आजोबांचा टॅकल बॉक्स होता का? निम्म्या वेळा तो "कचरा" म्हणून बाजूला ठेवलेला असतो.

अँटिक मॉलमध्ये किमती चढ्या आणि माहिती अर्धवट. ऑनलाइन लिलावात माल खूप पण तिथे सहा फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नका: दोन्ही बाजू, पोट, पाठ, तोंड समोरून, आणि जिथे दोरी बांधतात ती जागा. पोटाचा फोटो द्यायला टाळाटाळ केली की मी गप निघतो.

हातात आल्यावर काय बघायचं

इथे घाई करायची नाही. एक दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटा टॉर्च आणि एक यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च एवढं खिशात ठेवा.

डिकॉयचं पोट पहिलं. लाकूड तरंगतं, त्यामुळे पोटात खाच कोरून त्यात वितळलेलं शिसं ओतलेलं असतं, तेव्हाच तो बुडतो आणि तोलावर राहतो. आपल्याकडे पागाला (फेकायच्या जाळ्याला) शिशाच्या गोळ्या असतात तोच हिशोब. जुनं शिसं मळकट राखाडी असतं, त्याच्या कडेला लाकूड तापलेल्या शिशाने किंचित करपलेलं दिसू शकतं, आणि लाकूड वर्षानुवर्षं फुगून-आकसून शिशाभोवती बारीक फट पडलेली असते, त्या फटीत घाण साठलेली असते. पोट चकचकीत असेल, किंवा शिशाऐवजी कसलं तरी फिलर भरलेलं असेल, तर विचारा का.

मग पंख. जुने पंख घरात जे सापडेल त्याचे, पत्र्याचे डबे, तांब्याचा पत्रा, कात्रीने कापलेले. हे पंख वाकवूनच मासा डावीकडे किंवा उजवीकडे वळेल असं बसवतात, म्हणून खऱ्या कामाच्या डिकॉयचे पंख कुठेतरी थोडे वाकवल्यासारखे, परत सरळ केल्यासारखे असतात. दोन्ही बाजूंचे पंख आरशातल्यासारखे सारखे आणि एकदम सपाट असले तर मला शंका येते, तो पोहायला केलेला नाही.

पाठीवर दोरी बांधायची जागा असते, कधी स्क्रूने बसवलेलं छोटं कडं, कधी भोकं पाडलेली पत्र्याची पट्टी. दोरी तिथे घासते, म्हणून ते भोक हळूहळू लांबट होतं आणि त्याच्या आजूबाजूचा रंग उडतो. मी सगळ्यात आधी भिंग इथेच लावतो. अख्खा मासा झिजलेला आणि दोरीचं भोक मात्र कालच पाडल्यासारखं गोल, असं असेल तर तो मासा पाण्यात गेला नाही, कुणाच्या तरी सँडपेपरखाली गेलाय. पाठीवर भाल्याच्या टोकाचे ओरखडे, अंगावर पाइकच्या दातांच्या बारीक रेघा, नाकावर बर्फाच्या कडेला आपटून उडालेला टवका, हे सगळं चांगलं लक्षण. नकली करणारा मात्र सगळ्या कडा सारख्याच घासतो, पंखांच्या बगलेतसुद्धा, जिथे कुणाचा हात जायचं काहीच कारण नाही.

रंगाला येऊ. जुना रंग वाळून बारीक भेगा पडतात, त्या भेगा लाकडाच्या रेषांशी काहीतरी नातं ठेवतात आणि भेगेच्या आतही मळ असतो. मुद्दाम पाडलेल्या भेगा सगळीकडे एकसारख्या जाळीसारख्या आणि आतून स्वच्छ. यूव्ही टॉर्च अंधारात मारला की नंतर केलेला टचअप पुष्कळदा वेगळाच चमकतो किंवा गडद डाग दिसतो. पुष्कळदा म्हणतोय, नेहमी नाही, त्यामुळे फक्त टॉर्चवर निकाल देऊ नका. नाकही वापरा, हसू नका, ताजा रंग, बूट पॉलिश, चहाकॉफीचा डाग, हे वासाला येतं. आणि स्क्रू बघा: चौफुली खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा "१९१० चा अस्सल" म्हणून दिलेल्या माशात ते दिसले तर एकतर कुणीतरी नंतर दुरुस्ती केलीय नाहीतर गोष्ट संपली.

काचेचे डोळे म्हणजे जुनं, असं एक डोक्यात बसलेलं असतं. साधारण १९३०-४० नंतर कारखान्यांनी रंगवलेल्या डोळ्यांवर भर दिला हे खरं, पण प्राण्यांत पेंढा भरणाऱ्यांच्या दुकानात काचेचे डोळे आजही जोडीने मिळतात. डोळ्याच्या कडेला रंग कसा आलाय ते बघा, रंग आधी की डोळा आधी.

ल्युअरला अजून दोन गोष्टी. गळ बदललेले असतात का, कारण गंजले की लोक नवे लावायचे, आणि गळ ज्या कड्यात अडकवतात ती रचना कंपनी दर काही वर्षांनी बदलायची, हेडनच्या ल्युअरचं वय तर त्यावरूनच काढतात. गळ सतत हलून लाकडावर अर्धवर्तुळाकार खुणा पडतात, त्या खुणा आत्ता लावलेल्या गळाच्या लांबीशी जुळतात का ते फिरवून बघायचं. दुसरं, क्रीक चबच्या पुढच्या पत्र्याच्या ओठावर ९-७-२० असा पेटंटचा शिक्का असतो. आपण तो ९ जुलै वाचतो, तो ७ सप्टेंबर १९२० आहे, अमेरिकेत महिना आधी. आणि ती पेटंटची तारीख आहे, तुमच्या ल्युअरचा वाढदिवस नव्हे. त्या शिक्क्याचे ल्युअर पुढे कित्येक वर्षं होत राहिले. जॉर्जियात १९३२ मध्ये जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसाचा बास पकडला, तोही क्रीक चबच्याच ल्युअरवर, म्हणून या कंपनीचा सगळ्यांना एवढा लळा.

मी कसा फसलो

एका अँटिक मॉलमध्ये एकशे ऐंशी डॉलरला एक डिकॉय घेतला, सोबत चिठ्ठी, अमुक तळ्यावरच्या अमुक आजोबांचा. चिठ्ठी जुन्या पिवळ्या कागदावर, शाईच्या पेनाने. मी मासा बघायच्या ऐवजी चिठ्ठीच वाचत बसलो. शोमध्ये एका माणसाने हातात घेतला, दोरीचं भोक बघितलं आणि काही न बोलता परत दिला. तो मासा अजून माझ्याकडे आहे, नवीन लोकांना दाखवायला उपयोगी पडतो.

आणि हे वेगळं समजा, की आज नवे डिकॉय कोरणारे खूप चांगले लोक आहेत, पोटावर सही आणि साल टाकून विकतात. ती नक्कल नाही. ते घ्या खुशाल, फक्त अँटिकच्या भावात नको.

किंमत

मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, विकली गेलेली बघा. ऑनलाइन लिलावात "विकलेले" असा फिल्टर असतो तोच लावायचा. ल्युअरमध्ये रंग आणि स्थिती सगळं ठरवतात, तोच क्रीक चब साध्या रंगात वीस डॉलर, दुर्मिळ रंगात शेकड्यांत. रिकामा खोका कधी कधी आतल्या ल्युअरपेक्षा महाग जातो, म्हणून टॅकल बॉक्स घेताना शेजारचे फाटके पुठ्ठे फेकू देऊ नका. पण खोक्यांच्याही प्रिंट काढतात, भिंगाखाली इंकजेटचे रंगीत ठिपके दिसले की सोडून द्या.

डिकॉयमध्ये उलट, थोडी झीज किंमत कमी करत नाही. नव्याने रंगवलेला मात्र निम्म्याहून खाली येतो, अगदी पीटरसनचा असला तरी.

घरी आणल्यावर

धुवायचं नाही. मी एक हेडन भांड्याच्या साबणाने धुतला होता, बायको म्हणाली छान चमकतोय, आणि दुसऱ्या दिवशी पोटाचा पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटला. मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर किंचित ओल्या कापसाच्या काडीने एका कोपऱ्यात बघा, तेही रंग घट्ट असेल तरच. गंज खरवडू नका, पॉलिश नको, वॉर्निश तर नकोच नको. एकच दुरुस्ती मी करतो ती म्हणजे कशातच हात न घालणं.

ठेवायला लोक हौसेने ओकच्या लाकडाची काचेची पेटी करून घेतात. ओक आणि शिसं यांचं पटत नाही, ओकमधून आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद पेटीत शिशावर पांढरी पूड धरते. म्युझियमवाले हे जुनं दुखणं म्हणून ओळखतात. पेटी धातूची किंवा काचेची घ्या, थोडी हवा खेळू द्या. अशी पांढरी पूड दिसली तर फुंकू नका, ती विषारी आहे, हातमोजे घालून ओल्या टिश्यूने टिपून टाका. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, त्यामुळे घासकाम नाही, मासा हाताळून झाल्यावर हात धुवायचे आणि घरात लहान पोर असेल तर वरच्या फळीवर.

ऊन लागू देऊ नका. हिवाळ्यात हीटरने घर कोरडं पडतं आणि लाकूड चिरतं, म्हणून हीटरच्या झोताजवळ भिंत कितीही रिकामी असली तरी तिथे नको. रबरी किंवा मऊ प्लास्टिकची खोटी अळी जुन्या ल्युअरबरोबर एका खणात ठेवू नका, ती रंगाला चिकटून तो वितळवते. टॅकल बॉक्स घरी आणला की पहिलं काम त्या अळ्या बाहेर काढणं.

वही ठेवा. नंबर, कुठून घेतला, कधी, कितीला, कुणी काय सांगितलं, आणि तुम्हाला स्वतःला काय दिसलं. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात. नंबर माशावर लिहायचा नाही, दोऱ्याने बांधलेल्या कागदाच्या टॅगवर पेन्सिलने.

इंडियाला नेताना

गळ असलेलं काहीही केबिन बॅगेत नको, तिथेच काढून घेऊ शकतात. डिकॉयला गळ नाही म्हणून मी एकदा हातात ठेवला, तर एक्स-रेमध्ये पोटातलं शिसं काळं ठोकळ्यासारखं दिसलं आणि बॅग उघडून पाच मिनिटं लाकडी मासा म्हणजे काय ते समजावत बसलो. चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून, पंखांना दोन्हीकडून पुठ्ठा.

जुना नेला नव्हता, मुद्दाम नवा सही केलेला घेतला होता, कारण जुना पाण्यात घालायचा नसतो आणि काका पाण्यात घातल्याशिवाय राहणार नव्हते. विहिरीत दोरी सोडून त्यांनी तो दहा मिनिटं हलवला, मग वर काढून डाव्या पंखाला अंगठ्याने इतकुसा बाक दिला आणि परत सोडला. आधी मोठ्या फेरीत जात होता, आता लहान फेरीत फिरायला लागला.